मोटारगाडीची देखभाल : गरज कोणती, गळ कोणती?

इतवारीच्या धान्यबाजारात पोते उतरण्यापूर्वी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखले जातात. गांधीबागेच्या कापडबाजारात ताग्याचा पन्हा तपासल्याशिवाय बिलावर सही होत नाही. दिवसभराची देवघेव रात्रीच रोजमेळात उतरते आणि चार रुपयांचा फरक सापडेपर्यंत पेढीवरचा दिवा मालवत नाही. मात्र हीच दक्ष कुटुंबे वर्षातून एकदा-दोनदा एका कागदावर न वाचताच सही करून मोकळी होतात. तो कागद म्हणजे मोटारगाडीच्या सर्व्हिस सेंटरमधील जॉब कार्ड.

प्रसंग घरोघरी परिचयाचा आहे. गाडी सेंटरमध्ये शिरते. नम्र, नीटनेटका सल्लागार गाडीभोवती फेरी मारतो आणि संगणकावर यादी तयार करतो. आरंभी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर अशी ओळखीची नावे येतात. पुढे इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीची जंतुनाशक फवारणी, अंडरबॉडी कोटिंग, इंजिन ड्रेसिंग, उंदीर प्रतिबंधक फवारणी अशी अनोळखी नावे रांगेने येतात. दुकान उघडण्याची वेळ झालेली असते. मालक म्हणतो, “करून टाका.” याच्या अगदी उलट स्वभावाचाही एक मालक असतो. तो म्हणतो, “फक्त ऑइल बदला, बाकी सगळा पैसे काढण्याचा प्रकार.” पहिल्याचे पैसे जातात. दुसऱ्याचे कदाचित काहीच जात नाही. परंतु कदाचित भर वेगात ब्रेकच्या पायदानाखालचा आधारच जातो. म्हणून हा विषय केवळ काटकसरीचा नाही, तो विवेकाचा आहे.

निकष एकच : गाडीसोबत आलेली पुस्तिका

गाडी विकत घेताना किल्लीबरोबर एक पुस्तिका मिळते. बहुतेक घरांत ती डॅशबोर्डच्या खणात जुन्या पावत्यांखाली पडून असते. तिच्या शेवटच्या पानांत देखभालीचे वेळापत्रक असते. कोणता भाग किती किलोमीटरनंतर किंवा किती महिन्यांनंतर बदलावा आणि कोणता केवळ तपासावा, हे गाडी बनविणाऱ्या अभियंत्यांनीच तेथे सांगितलेले असते. सर्व्हिस सेंटरची छापील यादी आणि हे वेळापत्रक शेजारी-शेजारी ठेवले की अर्धा निर्णय तेथेच होतो. दोन्हीकडे असलेले काम मुदत आली असेल तर करावे. केवळ सेंटरच्या यादीत असलेल्या कामाचे कारण विचारावे.

वेळापत्रकातील एक अट नागपूरच्या व्यापारी घरांनी विशेष ध्यानात घ्यावी. मुदत ‘किलोमीटर किंवा महिने, जे आधी पूर्ण होईल ते’ अशी असते. घर ते पेढी एवढीच धाव असलेली गाडी वर्षात पाच हजार किलोमीटरही चालत नाही. “चाललीच कुठे, मग ऑइल कशाला?” हा युक्तिवाद येथे फसतो. थोड्या अंतराच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही. आत साचलेली वाफ आणि इंधनाचा अंश ऑइलमध्ये मिसळतो. शिवाय बाजारातील धूळ आणि क्षणाक्षणाला थांबणारी वाहतूक यांना अनेक पुस्तिका ‘कठीण वापर’ मानतात आणि त्यासाठी निराळी, जवळची मुदत देतात. कमी चाललेली गाडी म्हणजे कमी थकलेली गाडी, असे नेहमीच नसते.

नाकारू नयेत अशी कामे

इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर वेळच्या वेळी बदलणे हे पहिले काम. दुसरे काम ब्रेक फ्लुइडचे. हे द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना किंवा महामार्गावर वारंवार ब्रेक लावताना चाके तापतात, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायदान पोकळ लागते. द्रव डोळ्यांना दिसत नाही, गाडीही तक्रार करीत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी येणारी ही मुदत सर्वाधिक चुकते. अनेक पुस्तिकांत हेच अंतर दिलेले आहे.

तिसरे काम टायमिंग बेल्टचे. सर्व इंजिनांत तो नसतो. कित्येकांत साखळी असते. परंतु ज्या इंजिनात पट्टा आहे, तेथे तो मुदतीनंतर तुटला तर अनेकदा व्हॉल्व्ह वाकतात आणि एका पट्ट्याच्या खर्चाऐवजी सबंध इंजिन उघडावे लागते. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, एवढे तरी प्रत्येक मालकाला ठाऊक असावे. कूलंटचेही तसेच. मे २०१३ मध्ये ज्या शहराने ४७.९ अंशांचे तापमान पाहिले, त्या नागपुरात कूलंटची पातळी आणि मुदत दुर्लक्षून चालत नाही. त्यात साधे पाणी भरत राहणे ही जुनी सवय आता सोडलेली बरी.

तपासून ठरवावीत अशी कामे

काही कामांचे उत्तर पुस्तिकेत नसून मोजमापात असते. ब्रेक पॅडची जाडी, बॅटरीची क्षमता, टायरचा झिजलेला थर या गोष्टी मोजता येतात. “पॅड संपत आले” असे कोणी म्हटले, तर “किती मिलिमीटर शिल्लक आहेत आणि किती झाल्यावर बदलतात?” असे विचारावे. बॅटरीचे आयुष्य विदर्भाच्या उन्हाळ्यात घटते हे खरे. तरी वय पाहून नव्हे, तर भार देऊन केलेल्या चाचणीनंतरच ती बदलावी. एअर फिल्टर डोळ्यांसमोर काढून दाखविता येतो. व्हील अलाइनमेंट गाडी एका बाजूस ओढत असेल, टायर एका कडेने झिजत असेल किंवा पुस्तिकेतील अंतर पूर्ण झाले असेल, तर करावे.

एसीच्या वायूविषयी बराच गैरसमज आहे. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. वायू इंधनासारखा खर्च होत नाही. थंडावा कमी झाला आणि वायू कमी आढळला, तर गळती कोठे आहे, हा पहिला प्रश्न. गळती न शोधता दर उन्हाळ्यात वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. कित्येकदा दोष वायूचा नसतोच. केबिनचा फिल्टर धुळीने गच्च झालेला असतो.

टायरांकडे मात्र अधिक काटेकोरपणे पाहावे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. रामटेकच्या शांतिनाथ मंदिराची पन्नासेक किलोमीटरची वाट आणि समृद्धीवरील ताशी १२० किलोमीटरची अनुज्ञेय धाव यांत टायरच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. कमी हवेचा टायर वेगात सतत दबतो, तापतो आणि उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर फुटण्याचा धोका वाढतो. हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. तो टायर थंड असताना तपासावा. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. खाचांतील उंचवट्यांच्या, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या पातळीपर्यंत थर झिजला की टायरचे आयुष्य संपले. नायट्रोजन भरण्यास हरकत नाही. परंतु साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब नियमित तपासणे हेच खरे काम.

नम्रपणे थांबवावीत अशी कामे

इंजिन फ्लश बहुतेक वेळापत्रकांत नसतो. ऑइल वेळेवर बदलणाऱ्या गाडीला त्याची गरज सहसा पडत नाही. इंजेक्टर किंवा थ्रॉटलची सफाई गाडी अडखळत असेल, उभी असताना थरथरत असेल, तर उपयोगी. सुरळीत चालणाऱ्या गाडीला दर वर्षी नको. इंजिन ड्रेसिंगने इंजिन चकाकते, चालत नाही. अंडरबॉडी कोटिंगचा विचार कोकणच्या खाऱ्या हवेत वेगळा आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात वेगळा. रंगावरील कोटिंग ही हौस आहे. हौस करण्यास कोणाची ना नाही, मात्र ती ‘देखभाल’ या सदरात लिहू नये.

येथे सल्लागाराविषयी कटुता नको. अनेक ठिकाणी त्याच्यावर अशा कामांचे मासिक लक्ष्य असते, आणि लक्ष्य म्हणजे काय हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. शिवाय त्याने सुचविलेले प्रत्येक काम फसवे नसते. प्रश्न त्याच्या सचोटीचा नसून मालकाच्या माहितीचा आहे.

‘वॉरंटी जाईल’ ही भीती

बाहेरच्या मेकॅनिककडे गेल्यास वॉरंटी संपते, या धाकाने अनेकजण सर्व काही मान्य करतात. या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश माहीत असावा. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या या प्रकरणात मारुती सुझुकी, टाटा मोटर्स, महिंद्र, होंडा, टोयोटा यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला गेला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देणे, हा मुख्य आक्षेप होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने म्हटले. या आदेशाला पुढे आव्हाने दिली गेली, तरी त्यामागचे तत्त्व ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सावधगिरी एवढीच की, वॉरंटीच्या काळात वेळापत्रकातील सेवा चुकवू नये, प्रत्येक पावती जपावी आणि वाढीव वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात. आणि ऐच्छिक काम नाकारल्याने वॉरंटी जाईल असे कोणी म्हणाले, तर तेवढे वाक्य कागदावर लिहून मागावे. बहुधा तो कागद येत नाही.

फर्मच्या नावावरील गाडी

व्यापारी घरांतील गाडी पुष्कळदा फर्मच्या नावावर असते. तेथे दोन गोष्टी पाहाव्यात. एक, तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनांच्या दुरुस्ती-देखभालीवरील जीएसटीचे क्रेडिट कायद्याच्या कलम १७(५) नुसार, मोजके अपवाद वगळता, मिळत नाही. म्हणजे “बिल फर्मचे आहे, वळते होईल” ही समजूत चुकीची. अनावश्यक सेवेवरील करही खिशातूनच जातो. दुसरे, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू-सेवांना सहसा लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने व्यवहारामागील प्रधान हेतू पाहण्याची भूमिका घेतली आहे. त्यामुळे कुटुंबाच्या वापराची गाडी कोणाच्या नावावर घ्यावी, याचा विचार खरेदीच्या वेळीच कर सल्लागारासह व्हावा.

न केलेल्या कामाचे किंवा परवानगीविना केलेल्या कामाचे पैसे आकारले गेले, तर प्रथम सेंटरच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करावी. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि अखेरीस जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

सहीपूर्वीची पाच मिनिटे

तरीही आयोगापर्यंत जाण्याची वेळ येऊ न देणे हेच श्रेयस्कर. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात. पुस्तिकेचे पान उघडून मुदत आलेल्या कामांवर आदल्या रात्रीच खूण करावी. सेंटरमध्ये प्रत्येक कामापुढील रक्कम छापून घ्यावी. नको असलेल्या कामावर स्वतःच्या हाताने रेघ मारावी आणि मगच सही करावी. ‘यापेक्षा अधिक काम विचारल्याशिवाय करू नये’ असे त्याच कागदावर लिहावे. गाडी चालकाच्या हाती पाठविली असेल, तर फोनवरील होकार टाळून काम आणि रक्कम संदेशातून मागवावी. बदललेले जुने भाग पाहण्यास मागावेत. गाडीची एक लहान वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. तीन वर्षांनी हीच वही कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक खरे बोलते आणि गाडी विकताना तिची किंमतही सांगते.

घरातील मुलगा किंवा मुलगी गाडी चालवू लागली की ही वही तिच्या हाती द्यावी. दुकानाचा हिशेब जसा गादीवर शेजारी बसून शिकविला जातो, तसाच हाही. कोणती वस्तू खरेच लागते आणि कोणती केवळ गळ घातली म्हणून घेतली जाते, हा भेद एकदा कळला की तो गाडीपुरता राहत नाही.

आणि उद्या सकाळी पेढीवर बसल्यावर समोरचे गिऱ्हाईक असाच प्रश्न विचारील, “शेठ, हे मला खरेच लागेल का?” त्या प्रश्नाचे उत्तर सर्व्हिस सेंटरमध्ये जसे मिळावे असे वाटते, तसेच ते पेढीवरूनही दिले जावे.