आठ हजार भाकऱ्यांचं घर

मुलांनो, आज सुरुवात गणिताने करू या. घाबरू नका, तिसरीतलंच आहे. एका घरात दोन हजार माणसं राहतात. प्रत्येकाला सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन भाकऱ्या. तर त्या घरात रोज किती भाकऱ्या लागतील?

आठ हजार. शाब्बास! आता पुढचे प्रश्न. हे मात्र वहीत सुटायचे नाहीत. एवढं पीठ कोण दळणार? सरपण कुठून येणार? पाणी कोण ओढणार? आणि या दोन हजारांतल्या कितीतरी जणी उपासमारीने खंगलेल्या, अंगावर धड कपडा नसलेल्या, एकमेकींची भाषाही न समजणाऱ्या असतील तर?

हे घर गोष्टीतलं नाही बरं का. पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगाव आहे. (नगरजवळचं केडगाव वेगळं, घोटाळा करू नका!) माझी थोरली बहीण दौंडला असते, त्यामुळे पुण्याहून तिच्याकडे जाताना हे स्टेशन मला नेहमी लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' नावाचं घर उभं केलं. भाकऱ्यांचा हिशेब मी तुमच्यासाठी अंदाजाने मांडला. माणसांचा आकडा मात्र खरा आहे. १९०० सालच्या दुष्काळानंतर तिथल्या मुली, बायका आणि लहान मुलं मिळून संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती.

मला हे घर आठवलं त्याला कारण झालं माझ्याच हातून घडलेली एक चूक. ती आधी सांगून टाकते.

गेल्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गात एक नवीन मुलगी आली. तिचं खरं नाव सांगणार नाही, आपण तिला मैना म्हणू. आमच्या गावाबाहेर सिस्टर लोकांनी चालवलेलं एक बालगृह आहे, तिथे ती राहते. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत पोरांनी तिला गराडा घातला. "तुमच्याकडे टीव्ही आहे का?" "रोज एकच भाजी असते का गं?" "तुला आई नाही?" पोरं दुष्ट नव्हती, त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण त्यातल्या एकाने मला येऊन विचारलं, "बाई, एवढ्या पोरांना एकच ताई कशी काय पुरते?" मी म्हटलं, "नंतर सांगते," आणि विसरून गेले.

मग मी काय केलं? नेहमीप्रमाणे फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला, 'माझी आई'. डी.एड.ला असताना बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते हो! पण त्या दिवशी ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. वह्या तपासायला घेतल्या तर मैनाच्या वहीत तारीख, विषय, खाली समास नीट आखलेला आणि पुढे कोरं पान.

त्या रात्री मी रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला काढलं.

भूक पाहिलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवू नये असं त्या काळी लोक मानत. शास्त्रीबुवांनी मात्र आपल्या बायकोला शिकवलं आणि आईने रमाबाईंना. घर असं नव्हतंच. तीर्थामागून तीर्थ करायचं, पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायची. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि ऐकणारेच उपाशी, तर पुराण सांगणाऱ्याला कोण देणार? रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, की शेवटचा तांदूळ संपल्यावर ते सगळे रानात गेले आणि अकरा दिवस पाण्यावर आणि झाडपाल्यावर काढले. तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या.

आधी वडील गेले. मग आई. आईला खांदा द्यायला चार माणसंही मिळेनात. भाऊ श्रीनिवास, कशीबशी तयार झालेली दोन माणसं आणि चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या होत्या, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. हे वाचताना मी नेहमी थांबते. पुढे बहीणही गेली.

भाऊबहीण पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्यानंतर भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ साली पतीही वारले. तेवीस वर्षांची बाई, कडेवर एवढीशी मुलगी. त्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या, अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं आणि १८८९ साली मुंबईत विधवा आणि मुलींसाठी 'शारदा सदन' काढलं. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आलं.

तीनशे मुली कुठे ठेवायच्या?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या बाजूला, मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. दुसरं कुणी गेलं असतं तर मदतीचे पैसे वाटून परत आलं असतं. पण आईबापांवाचून, भुकेलेल्या, रस्त्यावर पडलेल्या मुली पाहून रमाबाईंना आपले रानातले अकरा दिवस आठवले. हातात पुरेसा पैसा नसताना त्यांनी ठरवलं, की तीनशे मुली घेऊन जायच्या.

आणायचं ठीक. पण ठेवायचं कुठे? पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. नशिबाने केडगावला शंभरेक एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. कशासाठी, माहीत आहे? फळबागेसाठी! अमेरिकेतल्या मंडळींनी शारदा सदनाला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. ती मुदत संपल्यावर घर स्वतःच्या पायावर उभं राहावं, म्हणून झाडं लावायची होती. फळबागेच्या जागी माणसंच आली. आधी तात्पुरता निवारा, मग विहिरी, मग पक्क्या इमारती.

आता पुन्हा आपल्या गणिताकडे. इतक्या जणींचं घर चालतं कसं? एकट्या रमाबाई काही आठ हजार भाकऱ्या थापत नव्हत्या. युक्ती अशी, की जी शिकली तिने पुढचीला शिकवायचं. मोठ्या मुलींच्या हाताखाली लहान मुली. सकाळी शाळा आणि हाताला काम: शेत, गुरं, माग, शिवण, तेलाचा घाणा. छापखानासुद्धा होता, आणि खिळे जुळवण्यापासून कागद बांधण्यापर्यंत सगळं बायकाच करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते याच छापखान्यात छापलं गेलं. अंध मुली होत्या, त्यांना ब्रेल शिकवलं. कामधंदा शिकवण्यामागे हिशेब सरळ होता. दुष्काळ पुन्हा आला तर या मुलीला कुणाच्या दारात हात पसरावा लागू नये.

पण पहिले काही महिने शाळाबिळा कुठली? उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढलं तर तो आणखी आजारी पडतो, म्हणून थोडं थोडं द्यावं लागतं. आणि पोट भरलं तरी भीती जात नाही. आमच्या गावच्या बालगृहातल्या ताईंनी मला सांगितलं, की नवीन आलेलं मूल बरेचदा अर्धी पोळी उशीखाली लपवतं. ताई ती काढून घेत नाहीत. "महिनाभरात आपोआप थांबतं," म्हणाल्या. "उद्या पण मिळणार आहे, हे पोटाला कळायला वेळ लागतो."

रमाबाईंवर एका माणसाचा प्रभाव होता, त्याचंही सांगते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर नावाचे धर्मोपदेशक होते. १८३६ साली त्यांनी भाड्याच्या घरात अनाथ मुली ठेवून सुरुवात केली आणि १८७० पर्यंत पाच मोठ्या इमारती आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. पैशासाठी कुणापुढे हात पसरायचा नाही, फक्त प्रार्थना करायची, असा त्यांचा नेम. लोक तेवढंच सांगतात. पण म्युलर आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ठेवत आणि दरवर्षी हिशेब छापत, हे कुणी सांगत नाही. मला वाटतं लोकांचा विश्वास बसला त्यात या वहीचा वाटा मोठा असणार.

धर्माचा प्रश्न

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, त्या मुलींना ख्रिश्चन व्हावं लागलं का?" प्रश्न चांगला होता, म्हणून टाळला नाही. तुमच्या घरीही तो कुणीतरी विचारेलच.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. शारदा सदन काढताना तिथे धर्म शिकवला जाणार नाही असं ठरलं होतं. पण त्या स्वतः प्रार्थना करत, तेव्हा काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, 'केसरी'तून कडक टीका झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावला मात्र लपवाछपवी नव्हती. ते घर उघडपणे ख्रिस्ती होतं आणि तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या.

माझं मत विचाराल तर सांगते, पटलं नाही तर पत्र लिहून भांडा. ज्याच्या हातचं आपण जेवतो त्याला 'नाही' म्हणणं लहान मुलाला फार जड जातं. म्हणून असं घर चालवणाऱ्याने, मग तो कुठल्याही धर्माचा असो, आपल्या प्रार्थनेचं दार उघडं ठेवावं, पण आत यायलाच पाहिजे असं म्हणू नये. रमाबाईंच्या टीकाकारांचं एवढं म्हणणं मला पटतं. पण दुष्काळातल्या त्या मुलींना उचलून आणायला यातले किती जण गेले होते, हेही मी विचारणार.

या भांडणातून चांगलंही निघालं. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली तिच्याशी लग्न केलं, आणि १८९६ साली विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. त्याच्याही आधी, १८७५ पासून, पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींचा अनाथ बालकाश्रम होता. म्हणजे देवाचं नाव घेऊन लेकरं सांभाळणारे सगळ्याच बाजूंना होते.

आज रमाबाईंसारखं रस्त्यावरचं मूल उचलून कुणाला घरी नेता येत नाही, आणि ते बरंच आहे. २०१५ च्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. ते कुठे राहील हे समिती ठरवते. बालगृह देवळाचं असो, चर्चचं असो की मदरशाच्या मंडळींचं, त्याची सरकारी नोंदणी हवीच. एखादं मूल संकटात दिसलं तर १०९८ या नंबरवर फोन करायचा, पैसे पडत नाहीत. हा नंबर पाठच करून ठेवा. आणि बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. पुष्कळांची आई किंवा बाबा असतात, पण आजारपण, गरिबी, घरातली भांडणं, काहीतरी असतं. म्हणून "तुला आई नाही?" असं विचारण्याआधी थोडं थांबायचं.

आईबाबांनाही एक विनंती. मुलाच्या वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात जाता, चांगलं आहे. पण ताई सांगत होत्या, एका रविवारी तीन केक येतात, फोटोसाठी मुलांना तीनदा रांगेत उभं करतात, आणि जूनमध्ये मात्र वह्या आणि चपला कमी पडतात. जाण्याआधी एक फोन करून काय हवंय ते विचारलंत तर? आणि अठराव्या वर्षी बालगृह सोडावं लागलेल्या मुलामुलींना भाड्याची खोली, पहिली नोकरी मिळवून देणारं माणूस हवं असतं. ते काम केकपेक्षा अवघड आहे खरं.

मैनाच्या निबंधाचं काय झालं? मी फळ्यावरचा विषय पुसला आणि नवीन लिहिला, 'माझी काळजी घेणारं माणूस'. कुणी आजीवर लिहिलं, कुणी मोठ्या भावावर. एकाने तर रिक्षावाल्या काकांवर लिहिलं! मैनाने पाचच ओळी लिहिल्या. त्यातली एक अशी: 'ताईला आम्हा सगळ्यांच्या चपलांचे नंबर पाठ आहेत.' बालगृहात एकेचाळीस मुलं आहेत.

पालकसभेला ताई आल्या तेव्हा त्यांच्या काखेत वेगवेगळ्या वर्गांची अकरा प्रगतिपुस्तकं होती. पहिलीपासून एकेका वर्गात बसत आमच्यापर्यंत यायला त्यांना उशीर झाला. मैनाने बाकावर दप्तर ठेवून त्यांची जागा धरली होती. मी शेरा वाचून दाखवला, ताईंनी सही केली. उठता उठता त्यांनी बाकाखाली मैनाच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, टाच बाहेर यायला लागली की. दोन नंबर नाही चालायचा आता. तीन आणू या."