कृष्णाकाठी उभयता

आपल्या घरांतून कोणतेही मोठे धर्मकृत्य सपत्नीक व्हावे, असा दंडक आहे. अश्वमेधाच्या वेळी सीता जवळ नव्हती, म्हणून रामचंद्रांना तिची सुवर्णप्रतिमा शेजारी ठेवावी लागली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण या 'सपत्नीक' शब्दाचा व्यवहारातला अर्थ काय? पुण्याहवाचनाच्या वेळी पतीच्या हाताला हात लावून बसावे, आणि गुरुजींनी 'उठा' म्हणताच पदर खोचून स्वयंपाकघर गाठावे, एवढाच. तीर्थयात्रेचेही तसेच. आमचे घर सांगलीत. नरसोबाची वाडी तेथून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. लग्न होऊन या घरी आल्यापासून गेल्या छत्तीस वर्षांत मी वाडीला किती वेळा गेले, याची गणती नाही. पण दरवेळी माझ्या एका हातात दशम्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात कोणाचे तरी मूल असे. पादुकांपुढे हात जोडावेत तर ते मोकळे कधी नव्हतेच.

म्हणून हे सेवानिवृत्त झाले, त्या वर्षी मी मनातली गोष्ट बोलून दाखवली : वाईपासून वाडीपर्यंत कृष्णेच्या काठाने पायी जायचे, आणि दोघांनीच.

घरात लहानमोठी अकरा माणसे. प्रथम कोणालाच हे खरे वाटले नाही. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, दोघांनीच कशाला? आपण मोटार करून सगळेच जाऊ की!" त्यात प्रेमच होते, पण मला हवे होते ते नेमके त्या मोटारीत बसणारे नव्हते. शेवटी सूनबाईच पुढे झाली. "आई, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचे मी बघते. तुम्ही जा," असे ती म्हणाली, आणि विषय मिटला. एकत्र कुटुंबात एका माणसाला वीस दिवस मोकळे करायचे, तर दुसऱ्या कोणाला तरी वीस दिवस बांधून घ्यावे लागते. या यात्रेच्या पुण्यातला निम्मा वाटा तिचा आहे, हे येथेच नमूद करते.

कृष्णा उगम पावते ती क्षेत्र महाबळेश्वरी. तेथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचा उगम मानतात. तेथून सुमारे चौदाशे किलोमीटर वाहून ती आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. नर्मदेला जशी शास्त्रोक्त परिक्रमा आहे, तशी कृष्णेची रूढ नाही. पण वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, वाडी ही क्षेत्रे तिच्या काठी एका सुतात ओवलेली आहेत. रस्त्याने मोजल्यास हे अंतर सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर भरते. कार्तिक वद्य एकादशीस वाईहून निघायचे आणि मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, वाडीस पोहोचायचे, असा आमचा बेत होता. ह्यांनी मुक्कामांचे एक कोष्टकच तयार केले. कोठे किती वाजता पोहोचायचे, हेसुद्धा त्यात होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मेणवलीला जाऊन नाना फडणविसांचा वाडा आणि घाट पाहिला. तेथील मोठी घंटा पोर्तुगिजांची आहे. तीवर १७०७ हे साल कोरलेले आहे. चिमाजीअप्पांच्या १७३९ मधील वसईच्या विजयानंतर ती या मुलखात आली. दुसऱ्या दिवशी पहाटे वाईच्या घाटावर स्नान केले, ढोल्या गणपतीस नमस्कार केला आणि पाऊल उचलले.

पहिल्या तीन दिवसांत मला एकच दृश्य दिसले, ते म्हणजे ह्यांची पाठ! काठाने सलग वाट नाही. कधी बांधावरून, कधी पाणंदीने, कधी गावाच्या सडकेने जावे लागते. हे आपले सदैव शंभर पावले पुढे. वळणावर थांबत, मी जवळ आले की "चल" म्हणत, आणि पुन्हा निघत. त्यामुळे विसावा त्यांना मिळे, मला नाही. पुढे चालणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. लिंबला बारा मोटांची विहीर पाहिली. शाहूमहाराजांच्या काळात वीरूबाई यांनी बांधविलेली ही अठराव्या शतकातील विहीर म्हणजे जमिनीच्या पोटातला एक राजवाडाच आहे. तीही मी एकटीनेच पाहिली; हे तोवर वर जाऊन निघालेले होते.

कृष्णा आणि वेण्णा जेथे मिळतात त्या संगम माहुलीस मात्र मी घाटावर बसले ती उठलेच नाही. माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. पेशव्याला तोंडावर सुनावणाऱ्या न्यायाधीशाच्या गावी मलाही धीर आला असावा. मी म्हटले, "अहो, छत्तीस वर्षे मी तुमच्या मागून चालले, ते घरात. येथेही तसेच चालायचे असेल, तर मोटारच बरी होती." हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "आज तू पुढे हो."

जपानात शिकोकू नावाचे बेट आहे. त्याच्या भोवताली, बऱ्याच ठिकाणी समुद्राच्या काठाकाठाने, अठ्ठ्याऐंशी देवळांची सुमारे बाराशे किलोमीटरची पायी यात्रा करतात. तेथील यात्रेकरूंच्या टोपीवर 'दोघे बरोबर चाललो आहोत' अशा अर्थाचे शब्द लिहिलेले असतात. त्यातला दुसरा म्हणजे कोबो दाइशी हे त्यांचे आठव्या-नवव्या शतकातील सत्पुरुष. माणूस एकटा चालला तरी ते सोबत असतात, अशी श्रद्धा. हे वाचले तेव्हा वाटले होते, न दिसणाऱ्या गुरूच्या सोबतीची आठवण ठेवणे सोपे आहे. दिसणाऱ्या माणसाच्या सोबतीची आठवण ठेवणे त्याहून कठीण!

माहुलीनंतर मी पुढे, हे मागे. माझी चाल मंद. पण त्या चालीने दिवसाला दहा-बारा किलोमीटर होत. कोष्टक मागे पडले. उंब्रजजवळ आणखी एक गोष्ट उघड झाली. ह्यांनी यात्रेसाठी मुद्दाम नवे बूट घेतले होते. दोन्ही टाचांना फोड येऊन फुटले होते, आणि तीन दिवस त्यांनी ते मला सांगितले नव्हते. माझ्या पायात आपल्या जुन्याच वहाणा. कसेबसे कऱ्हाड गाठले. तेथे ह्यांनी मुलाला गाडी घेऊन बोलवायचे ठरवले. "मी चुकलो, पण आता पुरे," असे ते म्हणाले. त्या स्वरात त्राग्यापेक्षा शरम अधिक होती.

त्या संध्याकाळी आम्ही प्रीतिसंगमावर बसलो होतो. कृष्णा आणि कोयना एकाच डोंगरावरून निघतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहतात आणि येथे अगदी समोरासमोर येऊन भेटतात. इतर संगमांत एक नदी दुसरीला बाजूने येऊन मिळते. येथे दोघी एकमेकींच्या मिठीत येतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात. जवळच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्यांच्या आत्मचरित्राचे नावही 'कृष्णाकाठ' असेच आहे. पाण्याकडे पाहता पाहता मी म्हटले, "येथून पुढे कोयनेचे नाव संपले. पाणी मात्र दोघींचे." ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि माझे माहेरचे नाव घेतले. लग्नात नाव बदलल्यापासून ते ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. ते त्यांच्या लक्षात असेल, असेही मला वाटले नव्हते. गाडी आली नाही. दोन दिवस तेथेच राहिलो, फोडांना औषध लावले, एका दुकानात साध्या चपला घेतल्या आणि पुढे निघालो.

कऱ्हाड सोडल्यावर सांगली जिल्हा लागतो. कोळे नरसिंहपूरच्या जमिनीखालच्या गाभाऱ्यातील नृसिंहाचे दर्शन घेतले. बहे येथे नदीच्या पात्रातील बेटावर रामलिंग आहे, आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तेथे आहे. या भागात दोन्ही काठांना ऊसच ऊस. हंगाम सुरू होता. वाळव्याच्या वाटेवर एका फडाकडेला पाणी प्यायला थांबलो. बीडकडून तोडणीस आलेली एक बाई मोळी टाकून आमच्याकडे पाहत होती. "दोघंच निघालात? पायी? काय नवस व्हता का?" असे तिने विचारले. मी म्हटले, "नवस नाही. जोडीने चालावे असे वाटले." ती हसली. "आमचं बी जोडीनंच असतं, बाई. नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतेत."

हिशेब असा की मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला. नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. पहाटे उठून भाकरी करायच्या त्या मात्र बायकोनेच. तो हिशेब कोणत्याही कोयत्यात नाही. तिचे मूल पाचटाच्या कोपीत निजले होते. तिने आम्हाला उसाचे एक कांडे सोलून दिले. आमचे जोडीने चालणे हौसेचे, तिचे पोटाचे. त्या रात्री हे बराच वेळ जागे होते. दुसऱ्या दिवसापासून मुक्कामावर पोहोचताच दोघांचे कपडे धुऊन वाळत घालण्याचे काम त्यांनी न सांगता स्वतःकडे घेतले.

औदुंबरास एकादशीला पोहोचलो. नृसिंहसरस्वतींच्या चातुर्मासाने पुनीत झालेले हे स्थान. पलीकडच्या तीरावर भिलवडीच्या बाजूस भुवनेश्वरी. या टापूत कृष्णेत मगरी आहेत. म्हणून घाट सोडून भलत्याच ठिकाणी पाण्यात उतरू नये, अशी सूचना आम्हाला गावोगावी मिळाली. तीच मी पुढच्यांना देते.

त्रयोदशीला सांगली आली. आयर्विन पुलावरून आमचे घर पंधरा मिनिटांवर! २०१९ च्या महापुरात याच पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर चढले होते, आणि आमच्या खालच्या मजल्याच्या भिंतीवर त्याची खूण अजून आहे. घरी डोकवावे, नातवाला पाहावे, असे मनात आले. ह्यांनी विचारले, "जायचे का?" मी क्षणभर थांबले आणि 'नको' म्हटले. उंबरा ओलांडला असता, तर दहा मिनिटांत मी ओट्याशी उभी असते. आम्ही तसेच पुढे हरिपूरला संगमेश्वरी मुक्कामास गेलो. 'शारदा'कार देवलांचे हे गाव. येथे वारणा कृष्णेला मिळते. संध्याकाळी सूनबाई नातवाला घेऊन आली आणि जेवणाचा डबा तिने माझ्या हातात दिला. दुसऱ्याने भरलेला डबा मी यात्रेत प्रथमच उघडला.

पौर्णिमेस वाडीत अलोट गर्दी होती. पंचगंगा कृष्णेला मिळते तो घाट माणसांनी फुलून गेला होता. पादुकांपुढे उभी राहिले, तेव्हा हात मोकळे होते. ते जोडले, आणि मागावे असे काही सुचेना. शेजारी हे उभे होते. पुढे नाही, मागे नाही.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी एवढेच : कार्तिक ते माघ हे दिवस उत्तम, पायातली पादत्राणे जुनी असावीत, ओझे पाच-सहा किलोंपलीकडे नसावे, आणि ज्याची चाल मंद, त्याने पुढे चालावे. घरातील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. छत्तीस वर्षांनी नव्हे, गुडघे चांगले आहेत तोवरच मुलासुनेला असे पंधरा-वीस दिवस द्यावेत. पुढच्या कार्तिकात आमचा मुलगा आणि सूनबाई वाईहून निघणार आहेत. त्या वर्षीचे मार्गशीर्षातले गुरुवार मी बघणार आहे. भाजी चिरायचे ह्यांनी कबूल केले आहे.