पातेल्याच्या पोटातली ऊब

रात्रीचा उरलेला भात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी त्याला फोडणी द्यायची, ही मराठी घरांत रुळलेली रीत असली, तरी तिच्यातला खरा धोका मधल्या सात-आठ तासांत असतो. बॅसिलस सिरियस हा मातीत आढळणारा जिवाणू तांदळाबरोबर घरात येतो आणि त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपे, शिजवण्यातूनही वाचून भात कोमट होताच पुन्हा वाढू लागतात. या जिवाणूचे काही प्रकार सेरुलाइड नावाचे विष तयार करतात, ज्याने काही तासांत उलट्या सुरू होतात. हे विष उष्णतेला दाद देत नसल्याने फोडणीत जिवाणू मेले तरी ते भातात उरते. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनमधील चिनी उपाहारगृहांत परतलेल्या भातातून ज्या विषबाधा झाल्या, त्यांचे मूळ रात्रभर बाहेर ठेवलेल्या उकडलेल्या भातात सापडले. फ्रिजमध्ये दाणे एकमेकांना चिकटतात, म्हणून तो बाहेर ठेवला जाई.

जिवाणू साधारणतः 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात वाढतात, आणि भाताचा वरचा थर गार लागला तरी पातेल्याचा मध्य या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतो, कारण घट्ट अन्नाच्या थराची जाडी दुप्पट झाली की त्याला निवायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून भात परातीत पातळ पसरावा, वाफ गेली की उथळ डब्यांत भरावा आणि दोन तासांच्या आत, तर विदर्भातल्यासारख्या कडक उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवावा. गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये हा समज अर्धाच खरा आहे: भरलेले पातेले शेजारचे दूध तापवते हे खरे, पण त्यासाठी अन्न रात्रभर बाहेर ठेवणे हा उपायापेक्षा अपायच अधिक.

मटणाच्या रश्श्याचे गणित थोडे निराळे आहे. त्याचे पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळल्यास तो लवकर निवतो. त्यात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा प्राणवायूविना जगणारा जिवाणू आपले विष मुख्यतः आतड्यात पोचल्यावर तयार करतो, त्यामुळे खाण्यापूर्वी रश्श्याला आणलेली खळखळती उकळी येथे खरोखर उपयोगी पडते.