म्हैसूरची अळी आणि निळ्या रक्ताचे सोयरे

रेशमाच्या अळीला सुई टोचली तर लाल थेंब येत नाही. फिकट पिवळसर द्रव येतो, काही वाणांत तर जवळजवळ रंगहीन. प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन त्यात नसतंच. अळीच्या अंगावर दोन्ही बाजूंना जे काळे ठिपके दिसतात ती श्वासरंध्रं, नऊ जोड्या. तिथून निघालेल्या बारीक नळ्या थेट पेशींपर्यंत हवा पोचवतात, म्हणून रक्तावर ते ओझं पडत नाही.

म्हैसूरला या अळीची ओळख जुनी. टिपू सुलतानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे रेशीम रुजवलं, १९१२ मध्ये संस्थानचा रेशीम कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था इथेच आहे. ‘प्युअर मायसोर’ हा हिरवट-पिवळ्या कोषांचा स्थानिक वाण प्रसिद्ध आहे, आणि याच संस्थेने सीएसआर मालिकेतले पांढऱ्या कोषांचे वाण तयार केले.

या अळीच्या रक्तात प्राणवायूचं प्रथिन नसलं, तरी त्याचे वंशज आहेत. खेकडा, कोळंबी, विंचू यांच्या रक्तात हिमोसायनिन असतं. आपल्या हिमोग्लोबिनात लोह असतं, यात तांबं. तांब्याचे दोन अणू मिळून प्राणवायूचा एक रेणू धरतात आणि रक्त निळं दिसतं. प्राणवायू सुटला की रंगही जातो. कोकणात चिंबोरी साफ करताना हा निळसरपणा दिसू शकतो, पण कालवणाच्या घाईत तिकडे लक्ष कोण देणार?

कीटकांच्या पूर्वजांकडेही हिमोसायनिन होतं. स्टोनफ्लायसारख्या काही कीटकांत ते आजही सापडतं. रेशीमकिड्याच्या घराण्यात मात्र त्याच्या भावकीतली ‘हेक्झामेरिन’ प्रथिनं उरली. तांबं धरायची जागा गेली, प्राणवायूचं काम सुटलं, सहा तुकड्यांची बांधणी तेवढी राहिली. आता त्यांचं काम साठवणुकीचं. अंड्यातून निघाल्यापासून पक्व होईपर्यंत अळीचं वजन सुमारे १०,००० पट वाढतं. पाचव्या अवस्थेत ही प्रथिनं रक्तात भरून राहतात आणि पुढे कोषातल्या उपाशी दिवसांत, अळीचा पतंग होताना, तिजोरीतल्या पुंजीसारखी खर्च होतात.

औषधशास्त्राने या घराण्यातून वेगळंच काही उचललं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची कीहोल लिम्पेट ही शंखवर्गीय गोगलगाय. तिचं हिमोसायनिन प्रचंड मोठं, आणि माणसाच्या शरीराला पूर्ण परकं. ते टोचलं की प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते. म्हणून एरवी दुर्लक्षित राहणारा एखादा छोटा रेणू त्याला जोडून प्रतिपिंडं तयार करवून घेतात. १९७४ मध्ये कार्ल ओल्सन यांच्या गटाने मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ते वापरल्याची नोंद केली. पुढे त्या आजारात बाजी मारली बीसीजीने, क्षयाच्या त्याच लशीने. या उपयोगात प्राणवायूचा काही संबंध नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

हॉर्सशू क्रॅबच्या बाबतीत तर गैरसमजच जास्त. त्याचं रक्त निळं, म्हणून निळा रंगच मौल्यवान, असं वाचायला मिळतं. प्रत्यक्षात इंजेक्शनांत जंतूंचं विष आहे का, हे तपासणारी चाचणी त्याच्या रक्तातल्या पेशींपासून बनते. हिमोसायनिन तिथे बघ्याच्या भूमिकेत. भारतात हा प्राणी ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अनिल चटर्जी यांनी त्यावर काम केलं. सिंगापूरच्या संशोधकांनी आपल्याकडेही आढळणाऱ्या एका जातीतलं, या चाचणीला लागणारं ‘फॅक्टर सी’ हे प्रथिन प्रयोगशाळेत बनवलं, त्यामुळे प्राण्याला हात न लावताही ही चाचणी शक्य झाली.

प्राणवायू पुरवण्यासाठी म्हणून खरोखर वापर झाला तो मात्र लाल रक्ताच्या एका किड्याच्या प्रथिनाचा. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या वाळूत राहणाऱ्या लगवर्मचं हिमोग्लोबिन पेशीत नसतं, थेट द्रवात तरंगतं. आपल्या हिमोग्लोबिनचा रेणू प्राणवायूचे चार रेणू धरतो, तर याचा १५६. माणसाचं हिमोग्लोबिन पेशीबाहेर आलं की तुटतं आणि मूत्रपिंडांना त्रास देतं. हा अवाढव्य रेणू मुळातच पेशीबाहेर जगायला घडलेला. फ्रांक झाल यांच्या ‘हेमारिना’ कंपनीने तो प्रत्यारोपणासाठी काढलेले अवयव ज्यात ठेवतात त्या द्रावणात मिसळला. दात्याच्या शरीरातून निघून रुग्णाच्या शरीरात बसेपर्यंत मूत्रपिंडाला प्राणवायू मिळत राहावा, एवढाच हेतू. मूत्रपिंडांवर चाचण्या झाल्यावर २०२२ मध्ये या उत्पादनाला युरोपात वापराची मान्यता मिळाली.