दुपट्यांतलं पाणी, भिंतीवरची बुरशी
मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, भिंत तव्यासारखी तापते. त्या भिंतीवर काही जिवंत असेल असं कुणाला वाटेल? पण आर्द्रा लागतात, आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीत कपाटामागे हिरवट-काळे ठिपके उमटतात. डोळ्यांआधी नाकाला कळतं. तो कुबट वास म्हणजे बुरशीचं जेवण सुरू झाल्याची खूण.

ती बाहेरून आली नाही, होतीच. तिचे बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतात आणि बारा महिने हवेत तरंगतात. शेजारच्या गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. तिथल्या पालापाचोळ्याची, पडलेल्या लाकडांची माती करण्यात बुरशीचा वाटा फार मोठा. ती नसती तर सागाच्या पानांखाली जंगलच गुदमरलं असतं. पावसाळ्यात वारुळावर येणाऱ्या सात्या, म्हणजे अळंबी, आपण चवीने खातो, त्याही याच कुळातल्या. वाळवी वारुळात त्यांची चक्क शेती करते!

बुरशीचं नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे. खेकड्याच्या कवचातलं कायटिन तिच्या पेशींच्या आवरणातही असतं. तिला तोंड नाही, पोट नाही. पाचक रस ती बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. भिंतीवरची धूळ, रंग, पुठ्ठा, गादीतला कापूस, तिच्या लेखी सगळा पालापाचोळाच.

तिला कमी पडतं ते फक्त पाणी, आणि बाळाच्या घरात ते आपणच पुरवतो. दिवसभराचे लंगोट, दुपटी खोलीत दोरीवर वाळतात. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. कपड्यांतलं पाणी हवेत जातं आणि हवेतून सगळ्यांत गार जागेवर उतरतं, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर, जिथे कपाटामागे वारा फिरत नाही.

नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं, आपण १२ ते २०. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, घरघर, दमा जास्त आढळतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितलं. गडचिरोलीला बाळाच्या श्वासाचं मोल वेगळं सांगायला नको. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने इथेच, आकडेमोड न येणाऱ्या दाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून, मण्यांचं साधन बनवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास भरले, तर लगेच दवाखाना.

बीजाणू संपवता येत नाहीत. पाणी मात्र अडवता येतं. फुटलेले कवेलू आधी बदला. दुपटी पडवीत वाळवा, कपाट भिंतीपासून वीतभर सरकवा, उघडीप मिळाली की खिडक्या उघडा. डाग साबणाच्या पाण्याने, ओल्या फडक्याने पुसा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. तोवर बाळ दुसऱ्या खोलीत. कोरड्या झाडूने झटकलं तर बीजाणू खोलीभर उधळतात. आतपर्यंत बुरशी गेलेली गादी घरात ठेवू नका.

आणि चुना! ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कलीत बुरशीला जगणं कठीण. पण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो, गडचांदूरच्या खाणीत निघते तीच, आणि त्याचा जोर ओसरतो. म्हणून दर दिवाळीला नवा हात.