प्लॉट घेताय? आधी जमिनीच्या पोटात काय आहे ते विचारा

घुग्घुसला खाणीतून निवृत्त होणाऱ्याच्या हाती पी.एफ. आणि ग्रॅच्युइटीची रक्कम येते न येते तोच प्लॉटचा दलाल दारात हजर! "एक राहायला घ्या, एक पोरीच्या लग्नासाठी ठेवा. भाव दुप्पट होणार." जन्म क्वार्टरमध्ये काढलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेची ओढ असणारच. त्या ओढीला आम्ही नावे ठेवत नाही. पण कोळशाच्या गावात बोलणीची सुरुवात भावापासून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

26 ऑगस्ट 2022 रोजी येथील आमराई वॉर्डातले एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण होती. सातबारावर मालकाचे नाव असते, खालची पोकळी नसते. म्हणून सर्व्हे नंबर देऊन वेकोलिच्या कार्यालयात लेखी विचारावे की, या जागेखाली खोदकाम झाले आहे काय? 1957 च्या कोळसा क्षेत्र कायद्याखाली संपादनाची अधिसूचना निघाली आहे काय?

जमीन आदिवासी बांधवाची असेल तर बिगर-आदिवासीला शासकीय परवानगीशिवाय ती घेता येत नाही. दलाल हे सांगत नाही. तो नुसत्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो आणि पैसे मोजून घेतो! त्या कागदाने मालकी मिळत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखत नोंदवावेच लागते.

पूर्ण रक्कम हाती असली तरी थोडे कर्ज बँकेकडे जरूर मागावे. बँकेचा वकील जुने दस्त तपासतो, अकृषिक आदेश आणि मंजूर ले-आउट मागतो. बँकेने नकार दिला तर रुसू नये, कारण विचारावे आणि सावध व्हावे. बँक नाही म्हणाली म्हणून सावकाराकडे जाणे हा तर आत्मघातच. म्हातारपणाची सगळी पुंजीही मातीत घालू नये.

इसारा थोडाच द्यावा, त्याची पावती घ्यावी. उरलेली रक्कम दुय्यम निबंधकाकडे सह्या होतील त्याच दिवशी, धनादेशाने द्यावी. खरेदीखतात पत्नीचेही नाव घालावे. भगिनींनी हा आग्रह सोडू नये. त्यानंतर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, फेरफार झाला की नाही ते पाहून नव्या सातबाराचा उतारा हातात घ्यावा.