पैसे आल्याची साक्ष कोणाची ?

वाघोली हें पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गांव. वाघेश्वराचें देऊळ व दगडाच्या खाणी यांमुळें तें जुन्या लोकांस ठाऊक आहे. २०२१ सालीं हें गांव पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. आज तेथें भाजीच्या पाटीपासून बी-बियाण्याच्या दुकानापर्यंत जिकडे तिकडे चौकोनी नक्षीचा एक कागद लावलेला दिसतो, त्यास लोक ‘स्कॅनर’ म्हणतात; आणि शेजारीं, इतके रुपये मिळाले, असें मोठ्यानें सांगणारा एक लहानसा डबा असतो.

हा डबा मुळांत कां आला हें ध्यानांत घेतलें, म्हणजे मोबाइलवर चालणाऱ्या पैशाच्या यंत्रांतील दोष कोठें असतो तें कळतें. आरंभीं गिऱ्हाईक आपल्या मोबाइलवर ‘पैसे गेले’ असें दाखवी आणि दुकानदार माल देई. लवकरच पैसे न पाठवितां हुबेहूब तसेंच चित्र उमटविणारीं खोटीं ॲप निघालीं. पैसे देणारा आणि पैसे दिल्याची साक्ष देणारा एकच झाला. तागडी गिऱ्हाइकाच्या हातीं गेली. डब्यास स्वतःचें सिमकार्ड असतें व त्यास निरोप येतो तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलकडून नव्हे, तर जमा नोंदविणाऱ्या कंपनीकडून. म्हणून डबा बोलल्याखेरीज किंवा आपल्या खात्यावर जमा दिसल्याखेरीज माल देऊं नये. आपल्या कागदावर दुसऱ्यानेंच आपला कागद चिकटविला असेल, तर तेंहि डब्याच्या मौनावरूनच प्रथम कळतें.

हा दोष केवळ भाजीवाल्यापुरता आहे असें वाचकांनीं समजूं नये. अमेरिकेंत वसतिगृहांतून कपडे धुण्याचीं यंत्रें ठेवणारी सीएससी सर्व्हिसवर्क्स नांवाची एक मोठी कंपनी आहे. मोबाइलवरून पैसे भरले कीं यंत्र चालू होतें. २०२४ सालीं कॅलिफोर्नियांतील दोन विद्यार्थ्यांस असें आढळलें कीं, पैसे आहेत कीं नाहींत याची तपासणी मोबाइलमधील ॲपच करतें आणि कंपनीचा मुख्य संगणक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्यांनीं आपल्या खात्यांत लक्षावधि डॉलरांची नुसती लटकी शिल्लक करून दाखविली आणि कंपनीस कळविलें. कंपनीनें ती शिल्लक पुसली, पण मूळचें भोंक वृत्तपत्रांत बोभाटा होईपर्यंत तसेंच राहिलें.

आतां आपल्या पुण्याकडे पाहूं. २०१६ सालीं यूपीआयची पद्धति सुरू झाली आणि २०१७ च्या मार्चमध्यें उघड झालें कीं, बँक ऑफ महाराष्ट्रच्या यूपीआय ॲपमधील दोषामुळें खात्यांत पुरेशी शिल्लक नसतांहि पैसे पुढें पाठविले गेले आणि बँकेचे सुमारें २५ कोटि रुपये गेले. येथें कुलूप फोडावें लागलें नाहीं. खातेवहींत काय आहे, या प्रश्नाच्या उत्तराची वाट न पाहतां पैसे सोडले गेले, एवढेंच.

कॉसमॉस सहकारी बँकेची हकीगत याहून विचार करण्यासारखी आहे. ही बँक १९०६ सालची, पुण्याच्या सहकाराचें एक भूषण. एटीएममध्यें कार्ड घातलें म्हणजे तें यंत्र स्वतः कांहीं जाणत नाहीं. तें बँकेस विचारतें. हा प्रश्न ‘स्विच’ नांवाच्या मधल्या संगणकाकडे जातो, स्विच खातेवहीस विचारतो आणि होकार किंवा नकार परत नेतो. चोरट्यांनीं बँकेच्या संगणकांत शिरून या खऱ्या स्विचच्या जागीं आपला खोटा स्विच उभा केला. तो खातेवहीकडे जाईच ना. प्रत्येक प्रश्नास आपणच ‘द्या’ म्हणून सांगे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारीं, २८ देशांतील एटीएममधून सुमारें १२ हजार व्यवहारांनीं ७८ कोटि रुपये निघाले, आणि भारतांत आणखी अडीच कोटि. सोमवारीं, १३ तारखेस, बँकांच्या परदेशी निरोपांच्या यंत्रणेंतून १३ कोटि ९२ लक्ष हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटि ४२ लक्ष. २०१९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालांत ही चोरी उत्तर कोरियाशीं जोडली आहे. पुण्याच्या न्यायालयानें २०२३ सालीं ११ जणांस शिक्षा केल्या. पण बनावट कार्डें घेऊन एटीएमपाशीं जाणारे हे प्यादे होत. ठेवीदारांच्या खात्यांस धक्का लागला नाहीं. तोटा बँकेचा, म्हणजे अखेर तिच्या भागधारकांचा.

असे दोष राहतात कां ? विहिरीवर नवी मोटर बसविली आणि पाणी आलें, कीं काम झालें असें मानण्याची आपली रीत आहे. पाणी आटल्यावर ती आपोआप बंद पडते कीं कोरडीच फिरून जळते, हें आधीं पाहणारे थोडे. ॲप करणाऱ्यांचेंहि तसेंच. ज्याच्यापाशीं पैसे आहेत त्याचा व्यवहार होतो कीं नाहीं, हें ते शंभरदां पाहतात. ज्याच्यापाशीं नाहींत त्याचा व्यवहार खात्रीनें अडतो कीं नाहीं, हें पाहण्यास वेळ व पैसा लागतो आणि कंत्राटाची मुदत तर भरत आलेली असते. शिवाय, पुष्कळ बँका व संस्था हें काम बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतात. करणारा एक, वापरणारा दुसरा, आणि तोटा तिसऱ्याच्या माथीं. आमच्या मतें हें तिसरें कारण सर्वांत मोठें आहे. ज्याचें कांहीं जात नाहीं तो रात्रीं उठून दाराची कडी पाहत नाहीं.

खातेदाराच्या बाजूनें एवढें सांगतों. पैसे घेण्यासाठीं पिन कधींहि घालावा लागत नाहीं. घालावयास सांगणारा चोर समजावा. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं असें ठरवून दिलें कीं, चूक बँकेची असेल तर खातेदारावर बोजा नाहीं. आणि चूक दोघांचीहि नसून तिसऱ्यानेंच पैसे काढले, तर कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेस कळविणाऱ्या खातेदारावरहि तो नाहीं. पिन आपणच सांगितला असेल तर मात्र कळवीपर्यंतचें नुकसान आपलें. म्हणून बँकेस लेखी कळवून तारखेची पोंच घ्यावी आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

कित्येक गांवीं पिण्याच्या पाण्याचीं यंत्रें बसलीं आहेत; तीं नाण्यावरून आतां मोबाइलवर जात आहेत. असें यंत्र घेतांना विकणाऱ्यास विचारावें : तोटी उघडते ती कोणाच्या शब्दावर, गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या कीं जमेची खात्री झाल्यावर ? दोष सांपडला तर किती दिवसांत दुरुस्त कराल, व तोंवरचें नुकसान कोण भरील ? उत्तरें करारांत लिहून घ्यावीं, आणि मगच इसारा द्यावा.